आजोबांची बंदूक, बाबांची गाडी आणि तुझं नाव

पत्र:

ताई, नमस्कार. मी कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. वय १९. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतोय. बाबा गोव्यात कामाला, शनिवारी येतात. घरी आई, अकरावीतला भाऊ आणि ७४ वर्षांचे आजोबा. आजोबांकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, परवाना त्यांच्या नावावर. आता त्यांना रात्रीचं नीट दिसत नाही आणि हात थरथरतात. भात पोटरीला आलं की रानडुकरं येतात. यंदा आजोबा म्हणाले, "आता तूच जा रे राखणीक." मी बंदूक घेऊन गेलो, आणि एकदाच नाही. बार काढला नाही, पण मनात भीती होती. मित्र म्हणतात, बंदुकीसोबत एक रील टाक.

दुसरं, माझं लर्निंग लायसन्स निघून दोन महिने झाले. बाबांची स्कूटर मीच चालवतो, कॉलेजला जाताना मित्र मागे बसतो. बाबा म्हणतात, एजंटला पैसे देऊ, टेस्टची कटकट नको. धाकटा भाऊ क्लासला जायला स्कूटर मागतो. तो म्हणतो, बिनगिअरची गाडी सोळाव्या वर्षी चालते. मी नाही म्हटलं की घरात सगळे म्हणतात, हा फार कायदा शिकवतो. मी खरंच उगाच ताणतोय का? दोन्ही परवाने नीट मिळवायचे तर काय करू?

– एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर:

प्रिय भावा,

तू अजिबात उगाच ताणत नाहीस. तुझं पत्र वाचून बरं वाटलं, आणि काळजीही वाटली. बाकीचं नंतर, आधी बंदुकीचं बोलते, कारण तो प्रश्न आज रात्रीचा आहे.

आज रात्री बंदूक घेऊन शेतावर जाऊ नकोस. उद्याही नको आणि परवाही नको. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे वयाची २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय तुला बंदूक बाळगता येत नाही. घरात परवाना आहे म्हणून घरातल्या कुणीही बंदूक उचलावी, असं कायदा म्हणत नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवानाधारक सोबत हजर असेल तर त्याच्या वापरासाठी दुसऱ्याने बंदूक उचलून नेणं कायद्याला चालतं. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेताना त्याचं लेखी पत्र बरोबर असलं तरी चालतं. पण आजोबा घरात झोपलेत आणि तू एकटा शेतातल्या मांगरात, म्हणजे खोपटात, बंदूक घेऊन बसलायस, हे त्यात कुठेच बसत नाही. त्याला विनापरवाना अग्निशस्त्र बाळगणं म्हणतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं कैद, शिवाय दंड. बार काढला की नाही, हा पुढचा प्रश्न.

तू पोलीस भरतीची तयारी करतोयस. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते, साक्षांकनाच्या नमुन्यात तुझ्यावर कधी गुन्हा नोंदला गेला आहे का हे विचारतात. खरं लिहिलंस तर अडचण, लपवलंस तर निवडच जाण्याची वेळ. भातातली डुकरं हाकलायला गेलेल्या पोराचं पहाटेचं सगळं धावणं असं पाण्यात जावं, हे मला नको आहे.

आणि रील तर नाहीच. मित्रांना सरळ सांग. बंदुकीसोबतचा तुझा व्हिडिओ म्हणजे बंदूक तुझ्या ताब्यात होती याचा पुरावा तूच तयार करून जगाला वाटल्यासारखं होईल. वाढदिवसाला तलवारीने केक कापणाऱ्या पोरांवर आपल्याकडे गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तू वाचल्याच असशील. त्यात कित्येकांना पोलीस शोधत गेले ते मोबाइलच्या स्टेटसवरून. लग्नात, मिरवणुकीत हौसेने बार काढणं हाही आता वेगळा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे तुझ्या वयाच्या मुलांना कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहितेय.

आता आजोबांशी कसं बोलायचं. "कायद्यात बसत नाही" असं म्हणालास तर ते चिडतील. कोकणातल्या त्या पिढीला बंदुकीचा परवाना म्हणजे मानाची गोष्ट. निवडणूक लागली की ठाण्यात बंदूक जमा करायची, पावती जपून ठेवायची, निकाल लागल्यावर जाऊन सोडवून आणायची, हे त्यांनी इतकी वर्षं इमानाने केलंय. तोच धागा पकड. त्यांना म्हण, "आजोबा, बंदूक तुमच्या नावावर आहे. ती माझ्या हातात सापडली तर तुमचा परवाना रद्द होऊ शकतो आणि दुसऱ्याच्या हाती बंदूक दिली म्हणून तुमच्यावरही केस होऊ शकते." यात एक अक्षरही खोटं नाही. नातवाला वाचवण्यासाठी ऐकणार नाहीत असे आजोबाही परवाना वाचवण्यासाठी ऐकतील.

दुसरी गोष्ट आजोबांच्या समोर, दिवसाउजेडी, त्यांच्याच हातून करून घे. बंदूक भरलेली आहे की रिकामी, ते बघायचं. ठासणीच्या बंदुकीचा हाच मोठा धोका आहे. काडतुसाची बंदूक मोडून आत डोकावता येतं, हिच्यात तसं दिसत नाही. एकदा दारू, छरे आणि बोळा ठासला की बार काढल्याशिवाय ती सहज रिकामी होत नाही, म्हणून पुष्कळ घरांत ती भरलेलीच खुंटीला टांगलेली असते. जुनी माणसं गज, म्हणजे बार ठासायची सळई, नळीत सोडून बघतात. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत जातो. भरलेली असेल तर तो ठासलेल्या मालाइतका वर राहतो. रिकाम्या नळीत गज कुठपर्यंत जातो त्याची खूण गजावर केलेली असली की एका नजरेत कळतं. हे करताना केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) लावलेली नाही याची आधी खात्री, नळीचं तोंड माणसांपासून दूर, आणि नळीच्या तोंडावर कुणाचं डोकं, छाती किंवा हात नाही. आजोबांचा हात थरथरतो, तेव्हा बाबा घरी असलेल्या शनिवारीच हे करा. भरलेली निघाली तर घरातल्या घरात उकरत बसू नका. परवाना असलेल्या बंदूक दुरुस्ती करणाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवा. त्यानंतर बंदूक कुलपात, दारू, छरे नि केपा दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या आजोबांकडे. घरात अकरावीतला मुलगा आहे. खुंटी ही जागा आजपासून बंद.

राहिली राखण. डुकरं काही तुझ्या एकविसाव्या वर्षापर्यंत थांबणार नाहीत, हे मला कळतं. पण बंदुकीच्या परवान्याने डुक्कर मारायची परवानगी मिळते, हा गावोगावचा गैरसमज आहे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायचं झालं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. गव्याचं तर नावच काढू नका. बंदुकीचा खरा उपयोग आवाजाचा, आणि आवाज फटाक्यांनी, डब्यांनीही होतो. नुकसान झालं की दुसऱ्याच दिवशी वनरक्षकाला कळव, मोबाइलवर फोटो काढ, पंचनामा करून घे आणि भरपाईचा अर्ज कर. पैसे उशिरा येतात, कधी कमी येतात, तरी अर्ज सोडू नये. सौर कुंपणाच्या अनुदानाची वनखात्याकडे चौकशी कर. सौर कुंपणाचा झटका थांबून थांबून येतो, त्याने जनावर मरत नाही. शेजाऱ्याने विजेची उघडी तार टाकायचा सल्ला दिला तर तिथल्या तिथे नाही म्हण. त्या तारेने डुकराआधी माणूस मरू शकतो, तोही घरातलाच.

काळोखात हलणाऱ्या झाडीवर बार काढणं काय असतं, त्याचंही सांगते. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात शिकारीला गेलेल्या टोळीने आपल्याच साथीदाराला रानडुक्कर समजून गोळी घातली आणि तो गेला. ती माणसं काही गुन्हेगार म्हणून जन्मली नव्हती. समोर काय आहे ते दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्या रात्री राहून गेली. तुला राखणीत बसून भीती वाटली, त्याची लाज वाटून घेऊ नकोस. ती भीती पुढे परवाना मिळाल्यावरही तुझ्यासोबत असू दे.

आता रस्ता काय ते बघू. परवानाधारकाची ७० वर्षं पूर्ण झाली, किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, की हयातीतच वारसाच्या नावे परवाना करून घेता येतो. शस्त्र नियम २०१६ मध्ये ही सोय आहे. आजोबा ७४ वर्षांचे, म्हणजे वाट बघायचं कारणच नाही. पण वारस म्हणून आत्ता नाव लावायचं ते बाबांचं. तू एकवीस पूर्ण केलंस की पुढचा विचार. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला. पोलीस ठाण्याचा चौकशी अहवाल, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, बंदूक घरात कुठे आणि कशी ठेवणार त्याची हमी, हे सगळं मागतील. लोक याला छळ म्हणतात. मला तसं वाटत नाही. कायदा शेतकऱ्याच्या विरोधात नाही. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असं शस्त्र अधिनियमातच वेगळं लिहून ठेवलंय. फक्त ती कुणाच्या हातात जातेय, एवढं सरकारने विचारलं तर त्यात अपमान कसला?

नेमबाजीची खरी आवड असेल तर तिला वेगळी वाट आहे, आणि ती तुझ्या वयाला खुली आहे. नियमांत ठरवून दिलेल्या मर्यादेतल्या .१७७ च्या एअर रायफलला परवाना लागत नाही. रेंजवर प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकता येतं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे तुझ्या शेजारच्याच जिल्ह्यातला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. तेजस्विनी सावंत कोल्हापूरचीच, २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली. नवख्या पोराला रेंजवर आधी नेम शिकवत नाहीत. नळीचं तोंड कायम लक्ष्याच्या दिशेला, बोट चापाच्या बाहेर, आणि "थांबा" म्हटलं की थांबायचं, हे आधी.

आता गाडीचं. इथे मी थोडी कडक बोलणार आहे, कारण बंदुकीला तू भ्यालास आणि स्कूटरला भीत नाहीस. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. तुझ्या घरातली जास्त धोक्याची वस्तू खुंटीवर नाही, अंगणात उभी आहे.

लर्निंगवर मित्राला मागे बसवतोस, ते आजपासून बंद कर. शिकाऊ परवान्यावर मागे बसेल तर फक्त पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल हवा. तो लावायला पोरं लाजतात. खरं तर तो बघून मागचा ट्रकवाला चार हात लांब राहतो, तेव्हा लावच. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला. महामार्गाच्या कडेला मिळणारी टोपीसारखी स्वस्त हेल्मेटं पोलिसाला दाखवायला असतात, डोक्यासाठी नव्हे.

एजंटचं म्हणशील तर फॉर्म भरायला कुणाची मदत घेणं वेगळं आणि परीक्षा न देता कार्ड घरी येणं वेगळं. फॉर्म तर तू सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, स्वतः भरशील, कॉमर्सचा विद्यार्थी आहेस. शिकाऊ परवान्याला ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, आणि तो सहा महिने चालतो. तुझे दोन महिने झालेत. म्हणजे अजून चार महिने हातात आहेत, घाई कशाची? रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर चुन्याने आठचा आकडा काढ आणि पाय न टेकता फिर. पहिले काही दिवस पाय टेकेल. टेकू दे. आठ जमायला लागला की मान कुठे वळवायची ते कळतं: नजर चाकासमोर नाही, वळणाच्या पुढे. हीच सवय पुढे घाटातल्या वळणावर कामाला येते. दोन्ही ब्रेक एकत्र लावायचा सराव कर, आधी कोरड्या रस्त्यावर, मग पाऊस पडून गेल्यावर, हळू वेगात. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, वाडीतल्या रस्त्यावर शेवाळ धरतं, आणि रात्री वळणावर अचानक गवा उभा असतो. एजंट तुला कार्ड आणून देईल. त्या गव्यासमोर ब्रेक लावायला तो येणार नाही.

बाबांना पैशाच्या भाषेत सांग, त्यांना ते पटेल. लायसन्स नसलेल्याने अपघात केला तर विमा कंपनी जखमीला भरपाई देते आणि मग ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. त्या दिवशी वाचवलेली टेस्टची कटकट घराच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते. आणि तुला सांगते, चालक पोलीस शिपाई या पदाला हलक्या वाहनाचं लायसन्स लागतं. दुचाकीनंतर तेही रीतसर शिकून घेतलंस तर तुझ्यासाठी आणखी एक दार उघडेल.

शेवटी भाऊ. सोळाव्या वर्षीच्या बिनगिअरच्या गाडीचं तो बोलतो, ते अर्धंच खरं आहे. कायद्यात सोळा वर्षांवरच्या मुलाला फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी चालते, तीही परवाना काढून. आज घरोघरी असलेल्या स्कूटर १०० सीसीच्या वरच्या आहेत, त्यांना अठरा वर्षं पूर्ण हवीत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. नंतर लोक त्या मुलाला जामिनासाठी घातलेल्या निबंध लिहिण्याच्या अटीवरच बोलत राहिले. मला मात्र त्या दोन घरांचंच मनात येतं, ज्यांच्या पोरांची काहीच चूक नव्हती. तिथे महागडी गाडी होती, तुमच्याकडे स्कूटर आहे. चावी हातात ठेवणारं माणूस मात्र दोन्हीकडे घरातलंच.

बाबा आठवडाभर गोव्यात, म्हणजे चावी तुझ्या ताब्यात. विनापरवाना माणसाला गाडी चालवू देणारा, मग तो मालक असो की गाडी ताब्यात असलेला, दोघंही कायद्याने जबाबदार. म्हणून भावाला "नाही" म्हणणं तुझंच काम आहे. त्याला फटकारू नकोस. सोळाव्या वर्षी मोठ्या भावाचा नकार फार लागतो. त्याला एसटीचा विद्यार्थी पास काढून दे, सायकल नीट करून दे. मैदानावर आठ काढशील तेव्हा त्याला बाजूला उभा करून तुझ्या चुका मोजायला लाव. अठराव्या वर्षी टेस्टला उभा राहील तेव्हा त्याचं निम्मं शिकून झालेलं असेल. पण त्याने तुझं बघून शिकायचं तर चौकात पोलीस नसतानाही तुझ्या डोक्यावर हेल्मेट हवं.

बाबा शनिवारी आले की रात्री जेवणानंतर सगळ्यांना एकत्र बसव आणि हे पत्र वाचून दाखव. माझ्यावर राग निघाला तर निघू दे. आजोबांचा परवाना पेटीतून काढून दोन गोष्टी बघा: मुदत कधी संपते आणि बंदुकीचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी जुळतो का. मुदत संपत आली असेल तर वारसाच्या अर्जाआधी नूतनीकरणाचं विचारा. बाबांना सोमवारची एक रजा काढायला सांग. जिल्हाधिकारी कार्यालय आणि परिवहन कार्यालय दोन्ही ओरोसलाच आहेत. तुझ्या टेस्टची वेळ त्याच दिवसाची घेतलीस तर एका फेरीत दोन्ही कामं होतील. आजोबांनाही सोबत घ्या, सह्या त्यांच्याच लागतील. मूळ परवाना, त्याच्या दोन झेरॉक्स, सगळ्यांची आधार कार्डं आणि फोटो बरोबर ठेवा. बंदूक मात्र घरीच, कुलपात. ती न्यायची वेळ आलीच तर ते लेखी सांगतील.

तुझी,
ताई